हरभरा, रताळं, कांदा, तोंडलं

माझ्या दुकानात 'काही हरकत नाही' असं म्हणायची सोय नव्हती. कोपऱ्यातल्या स्टुलावर कंट्रोलर बसलेले असले आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून ते तीन शब्द निघाले, की त्यांची मान वर व्हायची. "नाही कशी? कागद वाचला का तुम्ही? न वाचता हरकत नाही म्हणता?" गिऱ्हाईक बिचारं आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेलं. मी म्हटलेलं असायचं की थांबावं लागेल, टोनर बदलतेय, आणि ते भलेपणानं हो म्हणालेलं. त्याला काय माहीत आपण कुणाच्या शेपटीवर पाय दिला ते. पुढं पुढं मीच लोकांना डोळ्यानं खुणावायला लागले आणि आमच्या गल्लीत सगळे 'चालेल' म्हणायला शिकले. 'चालेल'वर त्यांचा राग नव्हता. "चालेल म्हंजी एसटीची गाडी," ते म्हणायचे. "धक्का मारला तर चालेल. त्यात माणूस निदान कबूल तरी करतो."

कंट्रोलर हे काही त्यांचं नाव नव्हे. नोकरी एसटीत, वाहतूक नियंत्रकाची. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी गळा निवृत्त झाला नव्हता. प्यायला पाणी मागितलं तरी वाटायचं, आता पाणी तीन नंबरच्या फलाटावर लागतंय. बायको लवकर गेलेली, मुलगा पुण्याला, घरात एकटेच. त्यामुळं सकाळी दहाच्या ठोक्याला माझ्याकडं हजर. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात खाकी पिशवी, पिशवीत शाईचं पॅड, दोन पेनं आणि पोचांची फाईल.

पोच म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का न् सही. ती घेतल्याशिवाय हा माणूस कुठल्या टेबलापासून हलत नसे. नगरपरिषदेतच नव्हे, कुठंही. माझ्या सासूबाईंनी एकदा त्यांना लिंबाचं लोणचं पाठवलं, तर बरणी परत करताना त्यांच्याकडून सही घेतली: बरणी मिळाली, झाकणासह. सासूबाईंना सहीपुरतं येत होतं, त्यांनी ती मोठ्या मानानं केली आणि आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटल्या. मी चिडवलं तर कंट्रोलर म्हणाले, "ताई, ज्याला पोच न्हाई, त्याच्याकडनंच पोच घ्यावी लागती."

माझं दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या भाजी मंडईच्या मागच्या भिंतीला टेकून उभी केलेली, समोर रस्ता, रस्त्यापलीकडं नगरपरिषद. टायपिंग, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन. मी काही गोड बोलणारी बाई नाही. नवरा गेल्यावर टपरी चालवायची तर गोड बोलून भागत नाही. कंट्रोलरांवर तर रोज खेकसायचे, कारण ते मजकूर सांगायला लागले की चार गिऱ्हाइकं कंटाळून निघून जात. एकेक शब्द गाडी पुकारल्यासारखा सांगायचे. "प्रति... माननीय मुख्याधिकारी साहेब... नगरपरिषद... स्वल्पविराम द्या, तिथं गाडी थांबती."

माझ्या झेरॉक्स मशीनच्या ड्रमला चरा पडला होता. निघेल त्या प्रतीवर उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ यायची. इतर कुणी काही बोलत नसे. यांनी मात्र पहिल्याच दिवशी कागद उजेडात धरला. "ही कसली रेघ?"

"ड्रम खराब झालाय."

"मग बदला."

"तुम्ही द्या आणून, बदलते."

ड्रम काही त्यांनी आणला नाही. पण दर खेपेला त्या रेघेवरून बोट फिरवायचेच. नंतर नंतर त्यांना तिचं कौतुकच वाटायला लागलं. नगरपरिषदेतला आवक विभागाचा क्लार्क म्हणे लांबूनच रेघ बघून कपाळाला हात लावतो, आला कंट्रोलरचा कागद म्हणून.

हरकती तरी कशाकशावर घ्याव्यात माणसानं. नगरपरिषदेच्या दालनातलं घड्याळ चार वीसवर बंद पडलं होतं. यांनी हरकत घेतली की बंद घड्याळाखाली बसून घेतलेल्या अर्जांवर वेळ टाकता येणार नाही, सबब सर्व कारभार चार वीसचा धरावा. उत्तर आलं की घड्याळ दुरुस्तीची प्रक्रिया सुरू आहे. ते उत्तर त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा हसले. हसायचे फार कमी, म्हणून लक्षात राहिलंय.

लोक त्यांना वेडसर म्हणायचे. मीही म्हणायचे, पाठीमागं. एकदाच त्यांनी मला स्वतःविषयी काही सांगितलं. लाइट गेली होती, मशीन बंद, गिऱ्हाईक नाही. मी सहज विचारलं, की साध्या बोलण्यातल्या शब्दाचा तुम्हाला एवढा काय राग?

म्हणाले, "जुना स्टँड गावात होता, आठवतो का? त्या जागेवर दुकानांची बिल्डिंग बांधायचं ठरलं आन् स्टँड बायपासला न्यायचा निघाला. साहेबांनी मला बोलावलं. म्हणले, उद्यापासून माइकवर सांगायचं, स्थलांतरामुळं कोणाचीही गैरसोय होणार नाही. सांगाल ना? मी म्हणलो, काही हरकत नाही साहेब." पुढं म्हणाले, "पंधरा दिवस सांगितलं. दर अर्ध्या तासाला. स्टँडवर पेरू, बोरं, शेंगा विकणाऱ्या नऊ बाया हुत्या. त्या खिडकीशी येऊन विचारायच्या, दादा, आमी कुठं बसायचं? मी म्हणायचो, माइकवर ऐकलं न्हाई का? त्यातल्या एकीला पण नव्या स्टँडवर बसू दिलं न्हाई. पुढं एक दिवस घोडेगावच्या बाजारात गेल्तो, बैल बघायला शेजाऱ्याबरोबर. तिथं एक बाई शेण गोळा करत हुती. मी कुणाला तरी हाक मारली आन् ती उठून बघायला लागली. तोंडावरनं न्हाई वळखलं तिनं मला. आवाजावरनं वळखलं."

लाइट आली, मी मशीन चालू केलं.

तर अशा माणसाच्या हाताला नगरपरिषदेची ती नोटीस लागली. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, क्लासच्या जाहिरातींच्या खाली, मुंगीच्या अक्षरात. भाजी मंडई पाडून त्या जागी तीन मजली व्यापारी संकुल बांधण्याचा ठराव झाला आहे, जागेच्या वापरात बदल करायचा आहे, कुणाच्या हरकती असतील तर तीस दिवसांत लेखी द्याव्यात. कंट्रोलर तडक मंडईत गेले, मधल्या ओट्यावर चढले आणि पुकारलं. "इकडे लक्ष द्या. ही मंडई... तीस दिवसांनंतर... येथून सुटणार आहे. पुढे कुठे थांबणार... हे नोटिशीत लिहिलेले नाही."

बाया आधी हसल्या. मग हिराबाई उठली.

हिराबाई पाथर्डीकडची. लग्नानंतर पस्तीस वर्षं दर दिवाळीला नवऱ्याबरोबर ऊसतोडीला कोपरगावच्या बाजूला जायची. नवऱ्याची कंबर गेल्यावर इथं आमच्या गावात आली, आधी रस्त्यावर बसली, मग खूप खटपटींनी तिला मंडईत ओटा मिळाला. सिमेंटचा, हातभर रुंद, वर पत्रा. बारा वर्षं त्या ओट्यानं घर धरलं. नातू त्याच ओट्याखाली पोत्यावर झोपून मोठा झाला. ती मला नेहमी म्हणायची, "ताई, कोयता आजून भिताडाला टांगलेलाच हाय. ह्यो ओटा हाय म्हनून त्यो तिथं हाय."

तिनं कंट्रोलरांना विचारलं, "सायेब, हरकत म्हंजी काय आसती?"

"हरकत म्हंजी मला हे मान्य न्हाई, असं कागदावर सांगायचं."

"आन् तोंडानं सांगितलं तर?"

"तोंडाची पोच मिळत न्हाई."

आता अडचण अशी की मंडईतल्या निम्म्याहून जास्त बायांना अक्षरओळख नव्हती. काहींना सही यायची, ती चित्र काढल्यासारखी. यापूर्वी कुणी कुणी त्यांच्याकडून कशाकशावर अंगठे नेले होते, त्यामुळं कागद बघितला की त्या हात पदराखाली घ्यायच्या. कंट्रोलरांनी त्यावर उपाय काढला. ओट्यावर चार ढीग मांडले. हरभऱ्याची जुडी, रताळं, कांदा, तोंडलं. प्रत्येकासमोर खडूनं एकेक अक्षर. ह हरभऱ्याचा, र रताळ्याचा, क कांद्याचा, त तोंडल्याचा. रोज दुपारी बाजार थंडावला की शाळा. आठ दिवसांत हिराबाई माझ्या टपरीवरच्या पाटीत, बिस्किटाच्या पुड्यावर, जिथं तिथं ती चार अक्षरं शोधायला लागली. तिला सून विचारायची, आत्या, आज काय करायचं कालवणाला, तर ती म्हणायची, हरकत करू.

कंट्रोलरांनी त्यांना नियमच घालून दिला होता. मी तो माझ्या कानांनी ऐकलाय, टपरीच्या पत्र्यापलीकडून, पुकारल्यासारखा. "कागद कोणीही आणू द्या. आधी चार अक्षरं शोधायची. हरभरा, रताळं, कांदा, तोंडलं. चारी असतील तर अंगठा. एक जरी नसंल, तर न्हाई."

फॉर्म मीच तयार केला. वर मधोमध 'हरकत पत्र', बायांना दिसावं म्हणून ठसठशीत मोठ्या अक्षरात, खाली बारीक मजकूर, त्याखाली नाव आणि अंगठ्याला चौकोन. उजव्या कडेला माझी रेघ. मंडईतल्या एकूणएक ओट्यावरून हरकत गेली. कंट्रोलर स्वतः गठ्ठा घेऊन रस्ता ओलांडून गेले आणि प्रत्येक कागदाची वेगळी पोच मागत बसले. क्लार्कचं जेवण राहिलं त्या दिवशी. परत आले तेव्हा शर्टाला शाई लागली होती. मला म्हणाले, "ताई, आता सुनावणी घ्यावीच लागंल त्यांना."

सुनावणीची तारीख लागली. मधे दोन आठवडे होते आणि कंट्रोलरांना डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं. मुलगा आला आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला घेऊन गेला. जाताना पोचांची फाईल माझ्याकडं ठेवली. माझ्याकडून पोच घेतली हे सांगायला नकोच.

आणि मग बिल्डरचा माणूस आला. सगळे त्याला मॅनेजर म्हणायचे. माणूस सभ्य, बोलायला मऊ. मला आधीही दोनदा भेटून गेला होता. टपरी तर जाणारच आहे ताई, पण संकुलात तुमच्यासाठी तळमजल्याला कोपऱ्याचा गाळा बघून ठेवलाय, असं म्हणाला होता. मी हो म्हटलं नव्हतं. नाही पण म्हटलं नव्हतं. कंट्रोलरांना तर त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं हातानं लिहिलेला एक कागद पुढं केला. ना-हरकत पत्र. मजकूर असा की माझी पूर्वीची हरकत मी स्वखुशीनं मागे घेत आहे, संकुलास माझी संमती आहे. "एवढं टाइप करून प्रती काढून द्या. आत्ता मिळतील? मी थांबतो."

मी संगणकावर कंट्रोलरांचाच जुना फॉर्म उघडला. नवीन कशाला मांडत बसायचं, म्हणून. खालचा मजकूर बदलला, वर 'हरकत पत्र' होतंच, त्याच्या आधी एक 'ना' टाकला. बस्स. एक अक्षर. मग प्रती निघायला लागल्या, एकावर एक पडायला लागल्या, आणि पाच-सात कागद पडल्यावर मला दिसलं. तोच फॉर्म. तीच मोठी अक्षरं, तोच चौकोन, तीच रेघ. हरभरा, रताळं, कांदा, तोंडलं, चारी जागेवर.

मला दिसलं नाही, असं मी पुष्कळांना सांगितलंय. सासूबाईंना सांगितलं, मुलीला सांगितलं. इथं खरं सांगते. दिसलं. हात मशीनच्या बटणावर होता. बंद करता आलं असतं, पुण्याला फोन करता आला असता, निदान अक्षरं लहान करता आली असती. मी गाळ्याचा विचार केला. भिंती विटांच्या, पावसात पत्रा वाजणार नाही, मुलीला मैत्रिणींना घेऊन यायला लाज वाटणार नाही. मॅनेजर म्हणाला, "घाई झाली ना तुम्हाला, त्रास दिला." आणि माझ्या तोंडून निघालं, "काही हरकत नाही."

कोपऱ्यातलं स्टूल रिकामं होतं. तरी मी तिकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरची दोन माणसं मंडईत फिरली. खोटं बोलायचीही त्यांना गरज पडली नाही. हरकतीचाच कागद आहे, म्हणाली. संध्याकाळी हिराबाई टपरीशी आली. चेहरा फुललेला. "ताई, आज आनखी येक हरकत घेतली आमी. दोन मान्सं आल्ती. आमी काय लगीच अंगठा दिला न्हाई बरं का. आधी अक्षरं बगितली. मी सोता समद्यांची बगून दिली. सायबांना फोन झाला तर सांगा, म्हनाव त्यांच्यामागं बी आमी काम थांबवलं न्हाई." आणि तिनं खिडकीतून कोथिंबिरीची जुडी आत ठेवली.

मी म्हटलं, "बरं."

त्या वेळीही सांगता आलं असतं. सुनावणीला चार दिवस होते, दुसरा कागद करून देता आला असता. कोथिंबीर मी घरी नेली, निवडली, आमटीत घातली. माझ्या तोंडाला चव होती की नव्हती, आता आठवत नाही. खाल्ली एवढं खरं.

सुनावणीला कंट्रोलर पुण्याहून पहाटेच्या गाडीनं आले, डोळ्यावर काळा चष्मा. मुलगा नको म्हणत होता. दालन बायांनी भरलं होतं, पिशव्या पायाशी, काहींच्या हातात तराजू सुद्धा, कारण ओटा सोडून आल्या होत्या. घड्याळ अजून चार वीसलाच होतं. मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसले. मुख्याधिकारी नवीन होते, तरुण. त्यांनी फाईल उघडली आणि सांगितलं की हरकती आल्या होत्या, परंतु त्यानंतर सर्व संबंधितांनी त्या लेखी मागे घेतलेल्या दिसतात. सबब सुनावणीसाठी हरकत शिल्लक राहत नाही.

"असं होणार नाही," कंट्रोलर म्हणाले. पूर्ण आवाजात. "कागद दाखवा."

गठ्ठा त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी वरचा कागद उचलला, चष्मा वर केला, ऑपरेशनचा डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याशी कागद नेला. दालनात कुजबूज होती. इतक्यात हिराबाई उभी राहिली. तिला वाटलं साहेबांना वाचता येईना. "सायेब, बराबर हाय कागद. आमी माघार कुठं घेतली? आमी दोन बाऱ्या हरकत दिली. हरभरा, रताळं, कांदा, तोंडलं. मी सोता बगितलंय."

टेबलापलीकडं कुणीतरी हसलं. सगळेच हसले मग. बायाही हसल्या, त्यांना कळलं नव्हतं काय झालंय ते.

कंट्रोलरांनी कागदाच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत, सावकाश, सवयीनं फिरवायचे तसं. मी खांबाकडं सरकले. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. कागद गठ्ठ्यावर ठेवला, कडा सारख्या केल्या आणि हिराबाईकडं तोंड केलं.

"बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "चारी अक्षरं हायेत." त्यांचा तसला आवाज मी कधी ऐकला नव्हता. शेजारच्या माणसालाच जेमतेम ऐकू जाईल एवढा. "शिकवणाऱ्याचं पाचवं राहिलं."

मग ते निघाले. तक्रार नाही, अर्ज नाही. क्लार्क सवयीनं शिक्का हातात घेऊन बसला होता. त्याच्या टेबलावरून ते पोच न घेता गेले.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. पाडायला एक सकाळ पुरली. ओटे सिमेंटचे होते म्हणून थोडा वेळ लागला. संकुल उभं राहिलं, काचेचं. तळमजल्याला मोबाइलवाले, कपड्यांचे मोठे शोरूम. भाजीवाल्यांसाठी गच्चीखालचा तिसरा मजला ठेवला होता. कोथिंबिरीच्या जुडीसाठी कोण तिसरा मजला चढतं? महिन्याभरात तो मजला ओस पडला. बाया रस्त्यावर बसायला लागल्या, नगरपरिषदेची गाडी आली की पाट्या उचलून पळायला लागल्या. दिवाळीनंतर एक दिवस हिराबाईची सून माझ्याकडं रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला आली. म्हणाली, टोळी कोपरगावकडं निघालीय, मुकादमाला कागद द्यायचेत. मी विचारलं, आत्या? "त्या बी येनार. घरी कोन सांभाळनार त्यांना? वाढं बांधाया व्हईल त्यांच्यानं." उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायच्या, सत्तरीला टेकलेल्या बाईनं. मी झेरॉक्स दिली.

मला गाळा मिळाला. तळमजल्याला नाही, पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. भिंती विटांच्या आहेत.

कंट्रोलर सुनावणीनंतर दोन-तीन वर्षं आले नाहीत. गावात दिसायचे, सकाळी दुधाची पिशवी घेऊन जाताना, खाली मान घालून. मी समोरून येताना दिसले तर नमस्कार करायचे. पुकारणारा गळा कुठं गेला कोण जाणे. मग गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, जिन्यात पायांचा आवाज आला. एकेक पायरी, थांबून थांबून. मला ओळखू आला. मी उगीचच कागद आवरायला लागले.

आत येऊन उभे राहिले. स्टूल नव्हतं, नव्या गाळ्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. बसा म्हटलं तर बसले.

"एक कागद पाहिजे," म्हणाले. "घर विकतोय मुलगा. घेणारा खाली दुकानं काढणार, वर लॉज. माझं ना-हरकत लागतंय." मग संगणकाकडं बघून, अगदी साध्या आवाजात, "साचा तयारच असंल तुमच्याकडं. तोच घ्या."

फाईल मी पुसून टाकली नव्हती. का नव्हती, विचारू नका. उघडली. 'ना-हरकत पत्र', मोठ्या ठसठशीत अक्षरात. ते शांतपणे मजकूर सांगत होते. गाडी पुकारत नव्हते, स्वल्पविराम सांगत नव्हते. टाइप करून मी प्रत काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उजेडात धरली, उजव्या कडेवर बोट ठेवलं आणि ते तसंच थांबलं.

"रेघ गेली तुमची."

"नवीन मशीन घेतलं."

"बरं केलं." बोट अजून कोऱ्या कडेवर होतं. "त्या कागदांवर हुती."

मला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं होतं, आवरलं नाही. मी म्हटलं, "कंट्रोलरसाहेब, मला दिसलं होतं. मी थांबवलं नाही. तुम्ही बोला मला काहीतरी. शिव्या द्या. हरकत घ्या माझ्यावर, मीच टाइप करून देते."

ते माझ्याकडं बघत राहिले. राग असेल म्हणून मी बघितलं. राग नव्हता. ऑपरेशन झालेला डोळा पाण्यानं भरला होता, पण तो उन्हात नेहमीच भरायचा. त्यांनी खिशातलं पेन काढलं, त्या कागदावर सही केली, नीट घडी घातली आणि पिशवीत ठेवली. पिशवीत आता दुसरं काही नव्हतं. मग उठले, दारापर्यंत गेले, चौकटीला हात लावून थांबले.

"काही हरकत नाही, ताई," ते म्हणाले, आणि जिना उतरायला लागले.